त्रिपुरारीच्या रात्री वाळवंटीत उतरवायची होडी

त्रिपुरारी पौर्णिमेला गोव्यातल्या साखळीजवळच्या विठ्ठलापूर-कारापूरला वाळवंटी नदीत उजळलेल्या होड्या उतरतात आणि त्यांची स्पर्धा होते. शंकराने त्रिपुरासुराला मारले त्या विजयाची ही रात्र. काठावर विठ्ठलाचे देऊळ, घाटावर उभे राहायला जागा नाही अशी गर्दी, आणि पाण्यात हाताने बांधलेल्या, माणूस न बसवता सोडायच्या होड्या. पहिल्यांदा भाग घेणारी मंडळे बहुतेक सगळा वेळ सजावटीला देतात आणि तरंगण्याचा विचार आदल्या संध्याकाळी करतात. मग होडी एका अंगावर कलते, नाहीतर परीक्षक समोर यायच्या आत बॅटरी संपते. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी तळ, मग सांगाडा, मग वीज, आणि शोभा सर्वांत शेवटी.

खालची मापे ८ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ५ फूट डोलकाठीच्या होडीची आहेत. चार-पाच जणांना उचलता येते, पिकअपमध्ये मावते आणि काठावरून नीट दिसते, असा हा आकार आहे. लांबीची मर्यादा, गट, नावनोंदणीची मुदत, चालणारे साहित्य हे त्या वर्षीच्या उत्सव समितीच्या पत्रकात पाहूनच मापे पक्की करा. गेल्या वर्षीचे पत्रक पाहून बांधायला घेऊ नका.

दिवस मोजूनच घ्या. नरक चतुर्दशीला नरकासुराचा पुतळा जाळल्यापासून त्रिपुरारीपर्यंत सोळाएक दिवस मिळतात. नरकासुर करणारीच पोरे बहुतेकदा होडीही करतात, त्यामुळे नरकासुराच्या लोखंडी सळ्या, जुन्या माळा, मोटर असे उरलेले सामान होडीत घालायचा मोह होतो. सळ्या मुळीच वापरू नका. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या पुतळ्याला वजनाचा फायदा होतो, पाण्यातल्या होडीला तोटा. वायर, स्विच आणि बॅटरी तपासून खुशाल घ्या.

आकार लांबून ओळखता आला पाहिजे

प्रेक्षक आणि परीक्षक होडी वीस-तीस मीटरवरून, रात्री, हलत्या पाण्यावर पाहतात. कठड्यावरचे कोरीव काम, रंगवलेले चेहरे, चिकटवलेले मणी यांतले काहीही तिथून दिसत नाही. दिसते ती फक्त बाह्यरेषा. कागदावर होडी काढा, आतून पूर्ण काळी रंगवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला धरा. नुसत्या काळ्या आकारावरून काय आहे ते घरच्यांना सांगता आले तर विषय चांगला. शिडाचे गलबत, पुढून बुटकी आणि मागून उंच अशी गुराब, दीपस्तंभासह देऊळ, मान वाकवलेला हंस हे चटकन ओळखू येतात. हल्लीची मोठी प्रवासी जहाजे लांबून इमारतीसारखी दिसतात. खिडक्यांच्या रांगा अगदी सरळ आणि सारख्या जमल्या तरच ती उठून दिसतात, आणि ते काम दिसते त्याहून खूप किचकट आहे.

नाव किंवा संदेश लिहायचा असेल तर अक्षर किमान २० ते २५ सेंटीमीटर उंच हवे. त्याहून लहान अक्षर काठावरून वाचता येत नाही. आठ फुटांच्या होडीवर या मापाने पाच-सहाच अक्षरे बसतात, तेव्हा लांबलचक घोषवाक्याचा विषय तिथेच मिटतो. मंडळाचे नाव एका बाजूला लिहून भागत नाही. होडी वळली की समोरच्या काठाला कोरी बाजू दिसते.

तळ

पूर्वी तळाला थर्माकोलचे ठोकळे घालत. ते आता विसरा. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे, आणि बंदी नसती तरी नदीत तुटणारा हा सर्वांत वाईट पदार्थ. त्याचे दाणे सुटले की कोणी वेचू शकत नाही.

त्याऐवजी फिरवून बसवायच्या, आटे असलेल्या झाकणाचे, २० लिटरचे प्लॅस्टिकचे कॅन घ्या. खानावळीत तेलाचे रिकामे कॅन मिळतात. पिण्याच्या पाण्याचे जार घेऊ नका, त्यांचे दाबून बसवायचे झाकण पाणी धरत नाही. तेलाचे कॅन गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा. बाहेर थोडे जरी तेल राहिले तरी पाण्यावर तवंग पसरतो, आणि दिव्यांच्या उजेडात तो पहिला दिसतो.

असे सहा कॅन लागतात, प्रत्येक बाजूला तीन, एकामागोमाग एक. बंद कॅन त्याच्या घनफळाइतके पाणी बाजूला सारतो, म्हणजे एका कॅनला साधारण २० किलो उचल मिळते आणि सहांना १२०. आता वजन मांडा. बांबूची चौकट ९ किलो, कापड, कामट्या आणि रंग ५, डोलकाठ्या आणि शिडे ४, बॅटरी ९, वायर, दिवे आणि डबे ३, कॅनचे स्वतःचे वजन ६, तळाला ठेवायचे वजन ६. बेरीज ४२ किलो. कॅन तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडे जास्त बुडतील. हे प्रमाण योग्य आहे. एकूण वजन उचलीच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. होडी एका अंगाला दबते तेव्हा त्या बाजूच्या तीन कॅनांनाच जवळपास सगळा भार घ्यावा लागतो, आणि ते आधीच अर्धे बुडालेले असतील तर पुढे उचलायला त्यांच्यात काही उरत नाही.

वजनाचा अंदाज मनाने करू नका. रोज काम संपल्यावर न्हाणीघरातला वजनकाटा आणा, एकाने सांगाडा हातात धरून उभे राहावे आणि स्वतःचे वजन वजा करावे. होडी दर दिवशी फुगत जाते. रंगाचा एक हात, चार फळ्या, हौसेने बसवलेला लाकडी देवीचा मुखवटा, आणि ४२ चे ६० कधी होतात ते कळत नाही.

कॅनच्या दोन रांगा एकमेकींना चिकटवू नका. बाहेरच्या कडा अडीच फुटांवर आणि मध्ये फूटभर मोकळी जागा ठेवा. किनाऱ्यावरच्या होड्यांना उलांडी, म्हणजे बाजूला आडव्या काठ्यांवर बांधलेला तरंगता ओंडका, लावतात त्यामागे हेच तत्त्व आहे. तळ जितका पसरट, तितके कलणे अवघड. डोलकाठीची उंची होडीच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त नको, आणि वरच्या अर्ध्यात जड काहीच नको.

झाकणाच्या आट्यांवर नळकामाची पांढरी टेप चार-पाच वेढे गुंडाळा, झाकण घट्ट फिरवा आणि सांध्यावर एम-सील लावा. कॅन भर दुपारी उन्हात बंद करू नका. तापलेली हवा रात्री गार पाण्यात आक्रसते, कॅनची बाजू आत बसते, आणि झाकण थोडे जरी सैल असेल तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. संध्याकाळी गारव्यात बंद करा. बंद केलेला कॅन बादलीत किंवा टाकीत दाबून धरा. पाच मिनिटांत एकही बुडबुडा आला तर झाकण काढून पुन्हा.

सांगाडा आणि कापड

मुख्य चौकटीला अंगठ्याएवढ्या जाडीचे वाळलेले बांबू. लांबीचे चार, आडवे सहा. ओला बांबू जड असतो आणि पंधरा दिवसांत सुकून गाठी सैल पडतात. प्रत्येक सांध्याला सुंभ किंवा नायलॉनची दोरी फुलीने बांधा. खिळा ठोकू नका, बांबू उभा चिरतो. कॅन चौकटीच्या खाली बसवून प्रत्येकाला दोन जागी रुंद पट्ट्याने आवळा. दोरी एकाच जागी असेल तर कॅन तिच्यातून हळूहळू सरकतो, आणि सरकलेला कॅन होडीचे नाक वर काढतो. जुन्या सायकल ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या यासाठी सर्वांत चांगल्या. ओल्या झाल्या तरी त्यांची पकड सुटत नाही.

वरचा आकार बांबूच्या कामट्यांचा, आकाशकंदिलाला लागतात तशा, फक्त दुप्पट रुंद. दर फुटाला एक फासळी पुरते. त्यावर मांजरपाट ताणून चढवा. पतंगाचा कागद नोव्हेंबरच्या दवात दोन तासांत लोळागोळा होतो आणि त्याचा रंगही ओघळतो. कापडातून आतला उजेड एकसारखा पाझरतो, हा आणखी एक फायदा. पिठाची खळ दमट हवेत सुटते. कापड कामटीवर दुमडून शिवा किंवा पाण्यात टिकणारा सुतारी गोंद लावा. साधा पांढरा गोंद वाळल्यावर पक्का वाटला तरी पाण्याने पुन्हा मऊ होतो. पाण्याच्या रेषेपासून वरचे १५ सेंटीमीटर कापडावर ऑइल पेंटचे दोन हात द्या, नाहीतर कापड पाणी शोषून वर चढवते आणि होडी दोन-तीन किलोंनी जड होते.

शिडे कापडाची करू नका. ताशी १८ किलोमीटरची साधी झुळूकसुद्धा एक चौरस मीटर कापडावर दीड-दोन किलोचा दाब टाकते, तोही वर, डोलकाठीच्या मध्यावर. वारा दुप्पट झाला की दाब चौपट. मच्छरदाणीची पांढरी जाळी ताणली तर वारा आरपार जातो, आणि कडेला दिव्यांची पट्टी लावली की अंधारात ते भरलेले शीडच वाटते.

डोलकाठ्या कायमच्या बसवू नका. चौकटीत दीड इंची पीव्हीसी पाइपचे फूटभर तुकडे उभे बांधा आणि डोलकाठी त्यात खोवा. छोटा हत्ती टेम्पोचा हौदा सात फुटांच्या आसपास असतो. आठ फुटांची होडी त्यात थोडी मागे निघेल, पण उभ्या डोलकाठीने गावातल्या वाकलेल्या वायरी आणि झाडांच्या फांद्या झेलत जाणे म्हणजे संकटाला बोलावणे. डोलकाठीच्या वायरीला तळाशी दोन पिनांचा, पाणी न शिरणारा कनेक्टर लावा, म्हणजे काठावर ती अर्ध्या मिनिटात जोडता येते.

वीज

पहिला नियम, यात सूट नाही: होडीवर २३० व्होल्ट नको. इन्व्हर्टरही नको आणि काठावरून ओढलेले एक्स्टेन्शन तर नकोच नको. दिवाळीच्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक माळा थेट घरच्या विजेवर चालणाऱ्या असतात. त्यांच्या बारीक वायरीचे आवरण ओल्या बांबूवर घासून गेले आणि त्याच पाण्यात होडी ढकलणारा माणूस उभा असला, तर पुढचे सांगायला नको. सगळे १२ व्होल्टवर.

१२ व्होल्टच्या एलईडी पट्टीचे पाच मीटरचे बंडल मिळते. घेताना दर मीटरला किती वॅट ते विचारा. मीटरला ६० दिवे असलेल्या बारीक दिव्यांच्या पट्टीला साधारण ४.८ वॅट लागतात, मोठ्या रंगीत दिव्यांच्या पट्टीला १४.४. दुकानात मोठी पट्टी झगझगीत दिसते म्हणून लोक ती घेतात आणि बॅटरीत तिप्पट गुंतवणूक करतात. बारीक पट्टी घ्या. आपल्या होडीला दोन्ही बाजू आणि टोके मिळून साडेसहा मीटर, डोलकाठ्यांना तीन, शिडांच्या कडा आणि परबाणांना (शीड ताणणाऱ्या आडव्या काठ्यांना) साडेपाच, म्हणजे १५ मीटर, तीन बंडले पुरतात. ७२ वॅट. १२ व्होल्टवर ६ अँपिअर.

आता वेळ धरा. संध्याकाळी काठावर एकदा लावून पाहणे, रांगेत थांबणे, फेरी, परीक्षण, फोटो, या सगळ्याला चार तास सहज जातात. ६ अँपिअरने चार तास म्हणजे २४ अँपिअर-तास. २६ अँपिअर-तासांची बॅटरी पुरेल असे वाटते, आणि इथेच दरवर्षी कोणाची तरी होडी अंधारात जाते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते. तसे केले की व्होल्टेज घसरते, दिवे मंद आणि पिवळट पडतात, आणि बॅटरीचे आयुष्यही घटते. म्हणजे हाताशी १३ अँपिअर-तासच.

दुप्पट मोठी बॅटरी हा यावर उपाय नाही, ती होडी बुडवेल. १२ व्होल्टचा, ८ अँपिअर झेपणारा डिमर लावा आणि उजेड निम्म्यावर आणा. प्रवाह ३ अँपिअर होतो, चार तासांना १२ अँपिअर-तास पुरतात, आणि डोळ्याला फरक कमी जाणवतो, कारण अंधारात निम्मा उजेड निम्मा दिसत नाही. परीक्षक समोर आले की दहा मिनिटे पूर्ण उजेड करा. ऐपत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. तिची बहुतेक सगळी शक्ती वापरता येते आणि वजन तीनेक किलोच भरते, त्यामुळे सहा किलो वाचतात. त्यातले काही तळाला ठेवायच्या वजनात परत घाला, कारण होडी खालून हलकी झाली की डोलते. शिसे-आम्लाची घेणार असाल तर ती पूर्ण बंद प्रकारचीच हवी. दुचाकीची, वरून पाणी ओतायची बॅटरी कलली की आम्ल सांडते.

बॅटरी होडीच्या मधोमध, दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेवर, चौकटीच्या सर्वांत खालच्या बांबूंवर प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये बसवून पट्ट्याने बांधा. तेच होडीचे सर्वांत मोठे वजन आहे, ते जितके खाली तितके बरे.

जोडणी अशी. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात १० अँपिअरचा फ्यूज. त्याच्यापुढे मुख्य स्विच, मग डिमर. तिथून तीन वेगळ्या शाखा (काठांची रेषा, डोलकाठ्या, शिडे) आणि प्रत्येकीला ३ अँपिअरचा फ्यूज. मुख्य वायर दीड चौरस मिलिमीटरची, शाखांना पाऊण. शाखा वेगळ्या ठेवण्याचे कारण एवढेच की शिडाच्या वायरीत पाणी गेले तर शीड विझते, होडी विझत नाही. सगळे एकाच स्विचवर ओवणारी मंडळे एका ओल्या सांध्यापायी पूर्ण होडी गमावतात. मुख्य फ्यूज बॅटरीजवळ नसेल तर मधल्या वायरीत शॉर्ट झाल्यावर तो उपयोगाचा नाही. वायर तापते, आणि शेजारी वाळका बांबू नि कापड असते.

पाच मीटरच्या पट्टीला एकाच टोकाने वीज दिली तर दुसरे टोक स्पष्ट मंद दिसते. दोन्ही टोकांना द्या, किंवा मधोमध द्या. पट्टी कापायची ती कात्रीची खूण असलेल्या जागीच. रंग बदलत पळणाऱ्या पिक्सेल दिव्यांचा मोह असेल तर ध्यानात ठेवा की त्यांत एक दिवा बिघडला की पुढच्या सगळ्यांकडे संदेश जात नाही आणि शेपूट मेल्यासारखी पडते. स्पर्धेच्या रात्री ते सापडवायला वेळ नसतो. वापरायचेच असतील तर फक्त शिडावर.

पाणी न लागणारी म्हणून विकलेली पट्टी वरून सिलिकॉनने झाकलेली असते, पण कापलेले टोक उघडेच राहते. सोल्डर करा, तापवली की आवळणारी हीट श्रिंक नळी चढवा आणि तोंडाला सिलिकॉन भरा. सिलिकॉनची ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर ती वापरू नका, वाळताना सुटणारे आम्ल तांबे खाते. न्यूट्रल प्रकारची मागा. नुसती इन्सुलेशन टेप दवाने सुटून लोंबते. डिमर, स्विच आणि फ्यूज एका झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा. वायरी डब्याच्या खालून बाहेर काढा आणि आधी थोड्या खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारे थेंब वळणावर गळतात, डब्यात शिरत नाहीत. स्विचला बाहेरून हात पोचला पाहिजे. तो कापडाच्या आत शिवून टाकणारे प्रत्येक वर्षी सापडतात.

पणत्या? पारंपरिक म्हणून होडीभर पणत्या ठेवायची सूचना कोणीतरी करतेच. कापड, गोंद, ऑइल पेंट आणि वाळके बांबू यांच्यावर ज्योत नको. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर एक, वाळू भरलेल्या थाळीत, चहूबाजूंनी फूटभर मोकळी जागा सोडून, इतकेच. बाकी पणत्या द्रोणातून वेगळ्या सोडा.

उजेड कुठे आणि कसा

पाण्यात प्रतिबिंब पडते म्हणून होडी दुप्पट दिसते, आणि हे फुकटात मिळते. त्यासाठी काठाची पट्टी पाण्यापासून १० ते १५ सेंटीमीटरवर, किंचित खाली झुकवून लावा. फार वर लावली तर होडी आणि प्रतिबिंब यांच्यात काळा पट्टा पडतो, आणि होडी हवेत अधांतरी वाटते.

दोन रंग पुरेत, तीन म्हणजे कमाल. पिवळसर पांढरा काठाला, एक गडद रंग शिडाला. घाटावर मोठे फ्लडलाइट असतात, शेजारच्या होड्या असतात. त्या गर्दीत निळा-जांभळा कमजोर पडतो आणि पिवळा-केशरी टिकतो. संपूर्ण होडी लुकलुकत ठेवली की डोळ्याला आकार पकडताच येत नाही. बाह्यरेषा कायम पेटलेली असू द्या, लुकलुक एखाद्या ध्वजापुरती ठेवा.

आतला उजेड विसरू नका. मांजरपाटाच्या आत तळाशी अर्धा मीटर पट्टी कापडाकडे तोंड करून लावली तर होडीचे पोट कंदिलासारखे उजळते, आणि बाहेरच्या रेषेला वजन येते. हे अर्धे मीटर वरच्या १५ मीटरांत धरलेले नाही, ते काठाच्याच शाखेला जोडा. मात्र आत फासळ्यांच्या सावल्या पडतात, त्या चांगल्या दिसाव्यात म्हणून फासळ्या समान अंतरावर हव्यात. इथे कामचुकारपणा लगेच दिसतो.

चाचणी

किमान तीन दिवस आधी, दिवसा, कमरेएवढ्या पाण्यात. गावच्या तळ्यात किंवा नदीच्या उथळ जागी, मालकाची किंवा पंचायतीची परवानगी घेऊन. डोलकाठ्या, बॅटरी सगळे लावून होडी सोडा.

पहिली गोष्ट, ती सरळ बसते का. नाळ खाली गेली तर तळाचे वजन मागे सरकवा. वाळू भरलेल्या एक लिटरच्या चार बाटल्या, प्रत्येकी दीडेक किलोची, यासाठी ठीक. बाटल्या बांधा, नुसत्या ठेवू नका. मग एका काठावर हाताने पाचेक किलोचा दाब देऊन सोडा. होडी दोन-तीन वेळा डोलून थांबली की झाले. सावकाश, आळसावून परत आली तर वरचे वजन जास्त आहे, डोलकाठी अर्धा फूट कापा. परतच आली नाही तर कॅनच्या रांगा आणखी दूर करा. आणखी वजन घालून हा दोष झाकू नका.

अर्धा तास तरंगत ठेवा, बाहेर काढा, पुन्हा वजन करा. दोन किलोंपेक्षा जास्त वाढ दिसली तर कोणता तरी कॅन गळतो आहे किंवा कापड पाणी पीत आहे. एकेक कॅन हलवून पाहा, गळका आतून डचमळतो. त्याच संध्याकाळी घरी दिवे चार तास सलग लावून ठेवा आणि दर तासाला बॅटरीचे व्होल्टेज लिहून घ्या. दिवे चालू असताना शिसे-आम्लाची बॅटरी १२ व्होल्टच्या खाली जाऊ लागली की तिचा शेवट जवळ आहे.

त्या दिवशी

बॅटरी आदल्या रात्री पूर्ण भरा, होडीबाहेर आणि मोकळ्या हवेत. सोबत न्यायचे ते एका पिशवीत: प्रत्येक मापाचे चार फ्यूज, दोन मीटर वायर, कनेक्टरची एक जास्तीची जोडी, पकड, टेप, सुंभ, सायकल ट्यूबच्या पट्ट्या, कोरडे फडके, डोक्याला लावायचा दिवा. सोल्डरिंग आयर्न काठावर चालवायला बघू नका.

दुपारी लवकर पोचा. संध्याकाळ झाली की रस्ते भरतात आणि पिकअप घाटापासून लांब थांबवावा लागतो. अर्धा किलोमीटर ४२ किलोंची होडी वाहून नेणे शक्य आहे, पण डोलकाठ्या काढून आणि चौघांनी चौकटीचे बांबू धरून. कॅनला धरून कोणी उचलू नये, पट्टे तिथेच सुटतात. उजेड असताना उतरायची जागा पाहून ठेवा. पायऱ्यांवर शेवाळ कुठे आहे, खोली कुठे वाढते, प्रवाह कोणत्या काठाला लागून जातो. पावसाळा लांबला असेल तर नोव्हेंबरातही पाण्याला चांगली ओढ असते.

होडीला दोन दोऱ्या हव्यात, नाळेला एक आणि मागे एक, प्रत्येकी दहा मीटर. एकाच दोरीने ओढलेली होडी प्रवाहात आडवी होते आणि शेजारच्या होडीत शीड अडकवते. समितीने पाण्यात उतरायची परवानगी दिली असेल तर उतरणारे दोघेच असावेत, दोघांना पोहता यावे, दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट असावे, आणि तिसऱ्याने काठावरून त्यांच्यावरच लक्ष ठेवावे, होडीवर नव्हे. दारू प्यायलेल्याला पाण्यात सोडू नका, मंडळाचा अध्यक्ष असला तरी. हाताशी आठ फुटांचा सरळ बांबू ठेवा. होडी दगडाला टेकली तर त्याने हलके लोटा, शिडाला धरून ओढू नका.

दोन होड्यांत निदान होडीभर अंतर राखा. पुढची थांबली की आपली मागची दोरी आधी ताणा, मग नाळेची सैल करा. दिवा गेला तर पाण्यात दुरुस्ती नाही. होडी काठाला आणा, मुख्य स्विच बंद करा, ज्या शाखेचा फ्यूज गेला तो बदला. पुन्हा गेला तर ती शाखा सोडून बाकीच्या दोन चालू करा आणि फेरी पुरी करा. दोन शाखांनी उजळलेली होडी काठावरून पूर्णच वाटते, कमी काय आहे ते फक्त तुम्हाला ठाऊक असते.

भरतीच्या पाण्यात, म्हणजे कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या खाडीवर, हाच प्रकार करायचा असेल तर एक फरक पडतो. पौर्णिमेला उधाणाची भरती-ओहोटी असते, दोन्हींमधले अंतर इतर दिवसांपेक्षा जास्त. त्या दिवसाच्या भरतीची वेळ पाहून भरती संपायच्या सुमारास होडी उतरवा. तेव्हा पाणी काही वेळ जवळजवळ स्थिर असते. ओहोटीत सोडलेली होडी दोरीसकट समुद्राकडे जाऊ पाहते.

लहान मुलांना स्वतःची होडी हवी असते. त्यांना केळीच्या गभ्याचा दीड फुटांचा तुकडा, त्याच दिवशी तोडलेला, त्यात खोवलेल्या तीन कामट्या, आणि बटण सेलवर चालणारा एक दिवा. सेल काढून परत आणायची अट घालूनच. केळ दोन दिवसांत पाणी शोषून जड होते, म्हणून आधी करून ठेवू नका.

परत आणणे

होडी नदीत सोडून यायची नाही. कॅन, वायर, जाळी, ऑइल पेंट लावलेले कापड यांतले काहीही पाण्यात राहिले तर पुढच्या पावसात ते पुलाखाली अडकते. त्याच रात्री पिकअपमध्ये चढवा. घरी पोचल्यावर आधी बॅटरी चार्जिंगला लावा, दमलेले असलात तरी. उतरलेली शिसे-आम्लाची बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि पुढच्या वर्षी ती भरतच नाही. पट्ट्यांचे सांधे फडक्याने पुसून दोन दिवस सावलीत वाळवा. मग प्रत्येक पट्टी मोठ्या डब्याभोवती सैल गुंडाळून ठेवा. घडी घातली की घडीच्या जागी तांबे तुटते. कॅनची झाकणे काढूनच माळ्यावर टाका, आणि कोणता कॅन गळत होता त्यावर खडूने नव्हे, रंगाने फुली मारा.